वाचकांचे प्रश्न : गाव आणि त्यामागचा डोंगर तैलरंगात

निसर्गचित्रणाविषयी आलेल्या पत्रांपैकी या वेळी गाव आणि डोंगर एकाच चित्रात आणू पाहणाऱ्यांचे प्रश्न घेतले आहेत. त्यांतल्या दोघांनी वाईचाच उल्लेख केला आहे आणि मीही बरीच वर्षे वाईत जाऊन चित्रे काढत आलो आहे. त्यामुळे उत्तरे देताना तेच गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. इतर ठिकाणच्या वाचकांनी आपापले गाव आणि आपापला डोंगर त्या जागी धरावा.

प्रश्न : कृष्णेच्या पलीकडच्या काठावरून दिसणारे वाईचे घाट, ढोल्या गणपतीचे मंदिर आणि मागची डोंगररांग असे चित्र मी करत आहे. डोंगर निळसर केला, तरी तो मागे जात नाही. घरांच्या डोक्यावर पडदा टांगल्यासारखा दिसतो. माझे काय चुकते? (एक वाचक, सातारा)

चूक बहुधा निळ्या रंगात नसून त्या निळ्याच्या सारखेपणात आहे. आपण डोंगरासाठी पॅलेटवर एक मिश्रण तयार करतो, माथ्यापासून पायथ्यापर्यंत तेच फिरवतो आणि मग त्यावर थोडी सावली काढतो. सुरुवातीच्या काळात मीही असाच एक मोठा कॅनव्हास वाया घालवला होता. प्रत्यक्षात सकाळी नदीकाठी उभे राहून पाहिले तर माथा पायथ्यापेक्षा गडद दिसतो. दमट हवा, धूळ आणि चुलींचा धूर हे सगळे खोऱ्यात तळाशी साचते, त्यामुळे डोंगराचा खालचा भाग अधिक दाट हवेतून पाहिला जातो आणि फिकट होत जातो. गावाची छपरे नेमकी त्या फिकट पट्ट्यासमोर येतात आणि म्हणूनच ती पुढे उठून दिसतात. तुमच्या चित्रात पायथा माथ्याइतकाच गडद राहिला असेल, तर छपरांना मागे उजेड मिळणार नाही आणि डोंगर त्यांना चिकटेल. पहिली दुरुस्ती तिथेच करा. ओल्या रंगातच पायथ्याकडे थोडा पांढरा आणि अगदी किंचित यलो ऑकर मिसळत या, आणि छपरांच्या कडा त्यावर नंतर बसवा.

दुसरी गोष्ट निळेपणाचीच आहे. हवेतील रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून आपल्या आणि डोंगराच्या मधल्या हवेचा एक निळसर थर प्रत्येक गोष्टीवर चढतो. गडद जागी हा थर सर्वांत आधी दिसतो, उजळ जागी फारसा दिसत नाही. त्यामुळे दूरच्या डोंगराच्या सावल्या लवकर निळ्या होतात, पण उन्हातला उतार निळा न होता फिकट आणि किंचित उबदार राहतो. दूरच्या पांढऱ्या भिंतीतून तर निळा प्रकाश वाटेत गळून जातो आणि ती थोडी पिवळसर दिसते. संपूर्ण डोंगर निळा करणाऱ्या चित्रकाराने सावलीचे खरे सांगितलेले असते, उन्हाचे मात्र नाही. मी सावलीसाठी अल्ट्रामरीन ब्लू, थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि पांढरा असे करडे निळे मिश्रण करतो, आणि उन्हाच्या बाजूसाठी त्याच करड्यात पांढरा व यलो ऑकर वाढवतो. दोन्ही बाजू एकाच मूळ मिश्रणातून आल्या की त्या एकाच डोंगराच्या वाटतात.

ऋतूही लक्षात घ्यावा लागेल. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात हवा धुतलेली असते आणि दूरची रांग स्वच्छ निळी दिसते. मार्च-एप्रिलमध्ये हवेत धुळीचे मोठे कण असतात आणि ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, त्यामुळे तीच रांग पांढुरकी, राखाडी दिसते. एप्रिलच्या चित्रात ऑक्टोबरचा निळा घातला, तर बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण चित्र खोटे वाटेल.

डोंगराच्या बांधणीविषयीही थोडे सविस्तर लिहितो, कारण मला हा भाग फार प्रिय आहे. सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांचा आहे. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थर झिजून उतार होतो आणि पुन्हा वर दुसरा कडा येतो. म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्या असतात, हिमालयासारखी टोकदार शिखरे सहसा नसतात. हे थर जवळजवळ आडवे असल्यामुळे एकच कडा डोंगराच्या सगळ्या सोंडांवरून साधारण एकाच उंचीने फिरत जातो. चित्रकाराला याचा मोठा उपयोग होतो. आपल्या दिशेने पुढे आलेल्या सोंडेवर तो कडा चित्रात थोडा वर दिसतो आणि सोंड मागे वळली की खाली उतरतो, कारण डोळ्यांच्या पातळीच्या वर असलेल्या सर्व आडव्या रेषा दूर जाताना क्षितिजरेषेकडे झुकतात. कड्याची ही एक रेषा बारकाईने पाहून काढली, तर सावली घालण्याआधीच डोंगराला पोट आणि पाठ मिळते. पट्टीने ओढल्यासारखे समांतर पट्टे काढले, तर मात्र पडदाच हाती लागतो.

शेवटी, डोंगराचा टोन, म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा, सुटा ठरवू नका. करड्या पुठ्ठ्याला वाटाण्याएवढे भोक पाडा, हात लांब करून त्यातून आधी डोंगराची सावली पाहा, लगेच घाटाची सावली पाहा, मग मंदिराची उन्हातली बाजू पाहा. घाटाचा काळा दगड उन्हात किती उजळ असतो, हे असे पाहिल्याशिवाय पटत नाही. सावलीतल्या पांढऱ्या भिंतीच्या तो कधीकधी बरोबरीला येतो. आपल्या मनात मात्र दगड काळा आणि भिंत पांढरी असे पक्के असते, आणि हात मनाचे ऐकतो. डोंगर किती निळा आणि किती फिकट, याचे उत्तर डोंगराकडे बघून मिळत नाही. ते गावाच्या भिंतींशी, छपरांशी आणि पाण्याशी त्याची तुलना करून मिळते.

प्रश्न : नोकरीमुळे जागेवर बसून रंगवणे जमत नाही. मोबाइलवर फोटो काढून घरी चित्र करते. प्रत्यक्षात भव्य वाटलेला डोंगर फोटोत आणि मग चित्रातही टेकडीएवढा होतो. तो थोडा मोठा काढला तर वास्तवदर्शी चित्रात चालेल का? (एक वाचक भगिनी, पुणे)

फोटोवरून काम करण्यात कमीपणा मानू नका, पण फोटो काय करतो ते समजून घ्या. मोबाइलची नेहमीची लेन्स रुंद दृश्य घेणारी असते. ती एकट्या डोंगराला लहान करत नाही, सगळ्यालाच लहान करते आणि समोरची मोकळी जमीन भरपूर आत घेते. आपले लक्ष मात्र जागेवर असताना डोंगरावर खिळलेले असते आणि बाकीचे आपण जवळजवळ वगळूनच पाहतो. म्हणून फोटोतला आवश्यक तेवढाच तुकडा कापून घ्या. बहुतेक वेळा तेवढ्यानेच डोंगराला त्याची जागा परत मिळते.

तेवढ्यानेही समाधान झाले नाही, तर डोंगर ओढून मोठा करण्याआधी एकदा पायांनी प्रयत्न करा : गावापासून मागे चालत जा. समजा, पुढचे घर तुमच्यापासून १०० मीटरवर आहे आणि डोंगर ६ किलोमीटरवर. तुम्ही आणखी १०० मीटर मागे गेलात, तर घर निम्मे दिसू लागेल, पण डोंगराचे अंतर ६,००० वरून ६,१०० मीटर झाले, म्हणजे तो दोन टक्केही लहान झाला नाही. घरांच्या मानाने तो जवळजवळ दुप्पट झाला. घाटाच्या पायऱ्यांवरून जो डोंगर मंदिरामागे लपतो, तोच नदीपलीकडच्या शेतांच्या बांधावरून गावावर छत्र धरून उभा असलेला दिसतो. हे सगळे खरे आहे आणि त्यात काहीही बदललेले नाही. उंची मनाने वाढवली, तर उतार अधिक उभे होतात, आडव्या थरांची ठेवण बिघडते आणि ज्याने तो डोंगर पाहिला आहे त्याला तो ओळखू येत नाही. माझे मत विचाराल, तर वास्तवदर्शी चित्रात मी हे टाळतो.

दुसरी अडचण उजेडाची आहे. कॅमेरा आकाशाला सांभाळायला गेला की घरांच्या सावल्या काळ्या होतात आणि सावल्यांना सांभाळायला गेला की आकाश पांढरे पडते. ओसरीखालच्या सावलीत डोळ्यांना जो तांबूस, जमिनीवरून उसळलेला प्रकाश दिसतो, तो फोटोत बहुधा नसतो. म्हणून वर्षातून एखाद्या रविवारी तरी पोस्टकार्डाएवढे दोन-तीन तैलअभ्यास जागेवर बसून करा. प्रत्येकाला अर्धा तास पुरे. तपशील नको, फक्त आकाश, डोंगर, भिंत, छप्पर आणि पाणी यांचे पाच टोन एकमेकांशी जुळवून ठेवा. पुढे घरी फोटोतून आकार घ्या आणि रंग या अभ्यासातून घ्या. फ्रेंच चित्रकार कोरो याने १८२६ साली इटलीत नार्नीच्या पुलाचा असाच एक छोटा अभ्यास जागेवर केला, आणि त्यावरून रंगवलेले मोठे चित्र १८२७ च्या पॅरिसच्या सलोन या चित्रप्रदर्शनात ठेवले. मोठ्या चित्रात झाडे आणि वाट रीतसर मांडलेली आहेत, तरी मला स्वतःला तो छोटा अभ्यासच अधिक खरा वाटतो, कारण दरी, पाणी आणि दूरचे डोंगर यांना त्यात एकाच दुपारचा उजेड मिळाला आहे.

प्रश्न : पावसाळ्यातली हिरवाई रंगवताना चित्र प्लॅस्टिकसारखे हिरवे होते. कोणता हिरवा घ्यावा? (एक वाचक, कऱ्हाड)

काही दिवस ट्यूबमधला हिरवा घेऊच नका. अल्ट्रामरीन ब्लू आणि यलो ऑकर यांचा शांत हिरवा, त्यात उन्हासाठी कॅडमियम यलो, आणि आयव्हरी ब्लॅकमध्ये पिवळा मिसळून होणारा शेवाळी हिरवा, एवढ्यावर वाईच्या परिसरातला ऊस, हळद आणि आंब्याची झाडे सहज होतात. हिरवा भडक झाला की त्यात थोडा बर्न्ट सिएना घाला. अंतर वाढत जाते तसा हिरव्यातला पिवळा आधी कमी होतो, म्हणून दूरच्या उतारावरचे गवत निळसर करड्याकडे झुकवा. नोव्हेंबरनंतर ते उतार पिवळे पडतात आणि उन्हाळ्यात वणव्याचे काळे डाग दिसतात, तेही रंगवण्याजोगे असतात.

प्रश्न : पसरणी घाटातून खाली दिसणारी वाई रंगवायची आहे. छपरांचे यथार्थदर्शन जमत नाही. सगळी घरे घसरून खाली येत आहेत असे वाटते. शिवाय एवढी कौले कशी काढायची? (एक कला-विद्यार्थी, वाई)

इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी आपण रस्त्यावर उभे राहून पाहिलेली घरे काढायला शिकतो. तिथे क्षितिजरेषा दाराच्या उंचीला असते आणि छपरांच्या रेषा खाली उतरत लोपबिंदूकडे, म्हणजे दूर जाणाऱ्या समांतर रेषा जिथे मिळताना दिसतात त्या बिंदूकडे, जातात. घाटात तुम्ही गावाच्या कितीतरी वर उभे असता. क्षितिजरेषा नेहमी डोळ्यांच्या पातळीवर असते, त्यामुळे आता ती गावाच्या पुष्कळ वर, समोरच्या डोंगराच्या पोटावरून जाते. खरे क्षितिज डोंगरामागे लपलेले असल्यामुळे ती कुठेच दिसत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. कॅनव्हासवर ती आधी पुसट ओढून ठेवा. गावातली आढी, वळचणी आणि रस्ते यांच्या सर्व आडव्या रेषा दूर जाताना वर चढत त्याच रेषेला मिळतील. तुमच्याइतक्या उंचीवरचा डोंगराचा भाग नेमका त्या रेषेवर येईल आणि त्याहून उंच भाग तिच्या वर. घरे सगळीकडे वेगवेगळ्या कोनांत वळलेली असल्याने लोपबिंदू अनेक असतील, पण क्षितिजरेषा एकच राहील. घरे घसरतात ती बहुधा पुढची घरे एका पातळीने आणि मागची दुसऱ्या पातळीने काढल्यामुळे.

वेळही विचारपूर्वक निवडा. घाटातून गाव साधारण पूर्वेला येते, त्यामुळे सकाळी सूर्य समोर असतो. तेव्हा धुक्यात छपरांच्या नुसत्या कडा चकाकतात, गाव एका गडद आकारात एकवटते, आणि हे दृश्य रंगवायला सोपे आणि सुंदर असते. दुपारी चारनंतर ऊन तुमच्या पाठीमागून पडते, सगळे रंग उघड होतात, पण सावल्या घरांमागे जातात आणि खोली कमी होते. विद्यार्थ्याने सकाळपासून सुरुवात करावी.

कौलांविषयी म्हणाल, तर एकही कौल काढू नका. आधी छपरांचे गट पाहा : जुनी, काजळी आणि शेवाळ धरलेली मंगलोरी कौले तपकिरी-जांभळट दिसतात, नव्याने शाकारलेले छप्पर नारिंगी दिसते, पत्रा तर जवळजवळ आकाशाचाच रंग घेतो. पावसात कौल भिजले की तेही आकाशाचा उजेड परत फेकते आणि थंड दिसते. छपराचा एकसंध तुकडा सपाट ब्रशने एकाच थरात लावा, उताराच्या दिशेने ब्रश ओढा, आणि सर्वांत जवळच्या दोन-तीन छपरांवरच, तेही वळचणीपाशी, ओळींचा भास द्या. बघणारा बाकीच्या छपरांवर कौले स्वतःच बसवतो. मी एकदा चार दिवस बसून एका छपराची सगळी कौले काढली होती, आणि पूर्ण झाल्यावर ते छप्पर चित्रातून बाहेर येऊन पुढे उभे राहिले. शेवटी ते खरवडून पुन्हा करावे लागले.

प्रश्न : जागेवर रंगवताना दोन तासांत उजेड बदलतो आणि चित्राच्या एका बाजूला सकाळ तर दुसऱ्या बाजूला दुपार होते. उपाय काय? (एक वाचक, नाशिक)

पहिल्या दहा मिनिटांत सगळ्या सावल्यांच्या सीमा पातळ बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाने आखून घ्या आणि त्यानंतर सूर्याने काहीही केले तरी त्या हलवू नका. सावल्या ठरल्या की रंग ठरवायला वेळ मिळतो. मोठे चित्र असेल, तर रोज त्याच वेळी दीड तास बसा आणि बाकीच्या वेळी दुसरा बोर्ड घ्या. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाचा परिसर आयुष्यभर पुन्हा पुन्हा रंगवला. त्या एका तळ्याने त्यांना किती वेगवेगळे उजेड दाखवले, ते त्यांची चित्रे पाहताना कळते. सुरुवातीला नऊ बाय बारा इंचांहून मोठा बोर्ड जागेवर नेऊ नये, असे मी सांगेन.

प्रश्न : कोकणातल्या पावसात तैलचित्र महिनाभर वाळत नाही. माझ्या एका जुन्या चित्रात डोंगराच्या भागाला भेगा पडल्या आहेत आणि काही गडद जागा निस्तेज झाल्या आहेत. (एक वाचक, चिपळूण)

तैलरंग पाणी उडून जावे तसा सुकत नाही. त्यातले जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते. दमट, बंद खोलीत ही क्रिया मंदावते. चित्र हवेशीर, उजेडाच्या खोलीत भिंतीपासून थोडे सुटे ठेवा, म्हणजे पाठीमागे बुरशीही धरणार नाही. कपाटात अंधारात ठेवले, तर जवसाचे तेल पिवळे पडते आणि पांढरे ढग मळकट दिसू लागतात. उजेडात ठेवल्यावर हा पिवळेपणा बराचसा उतरतो. घाई असेल, तर खालच्या थरासाठी अंबर हा तपकिरी रंग वापरा, कारण त्यातल्या मँगनीजमुळे ते लवकर वाळते. आयव्हरी ब्लॅक आणि कॅडमियमचे रंग फार सावकाश वाळतात, म्हणून त्यांचे जाड थर खाली नकोत.

भेगांचे कारण बहुधा थरांच्या क्रमात असते. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, कमी तेलाचा असावा आणि वर जाताना तेलाचे प्रमाण वाढत जावे. खाली तेलकट थर राहिला, तर तो आतून हळूहळू आकसत राहतो आणि आधीच कडक झालेला वरचा थर फुटतो. डोंगर अनेकदा दुरुस्त केला जातो, त्यामुळे भेगा तिथेच दिसतात. दुसरा संशयित झिंक व्हाइट. त्याचा थर काही वर्षांत ठिसूळ होतो, म्हणून डोंगर आणि आकाशाच्या खालच्या थरात टायटॅनियम व्हाइटच वापरा. गडद जागा निस्तेज होतात, कारण त्यांतले तेल खालच्या थराने शोषून घेतलेले असते. चित्र पूर्ण वाळलेले असेल, तर तेवढ्या जागी अगदी थोडे तेल चोळून जास्तीचे कापडाने टिपून घ्या, रंग परत वर येतो. व्हार्निशची घाई करू नका. साधारण जाडीच्या चित्राला सहा महिने ते वर्षभर थांबणे योग्य.

आणि ज्या चिंधीने ते तेल टिपाल, ती गोळा करून डब्यात किंवा कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना उष्णता बाहेर टाकते, आणि चुरगाळलेल्या चिंध्यांच्या ढिगात ती उष्णता साठून त्या आपोआप पेट घेऊ शकतात. काम संपल्यावर प्रत्येक चिंधी बाहेर दोरीवर सुटी पसरून पूर्ण वाळू द्या, किंवा पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवा.